खर्च होण्याआधी आकडे तपासणारं कोण?

डिसेंबरच्या अधिवेशनासाठी सरकार नागपुरात येतं तेव्हा मोर्चांच्या बातम्या होतात; पुरवणी मागण्यांचा, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाला मंजुरी मागणारा कागद मात्र फारसा कोणी उघडत नाही. 2023 मध्ये तो 55,520 कोटी रुपयांचा होता. मार्चमध्ये मंजूर झालेला अर्थसंकल्प वर्षही पुरला नव्हता! यातली काही रक्कम निव्वळ जमाखर्चाच्या नोंदीची असते, काही खर्च खरोखर अचानक येतो. पण मार्चमध्येच दिसत असलेला किती खर्च तेव्हा कमी दाखवला गेला, हे तटस्थपणे सांगणारी संस्था आपल्याकडे नाही.

सिव्हिल लाइन्समध्ये महालेखापालांचं कार्यालय आहे, आणि कॅगच्या लेखापरीक्षणाचं मोल मोठं आहे. पण ती तपासणी खर्च झाल्यावरची. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरण प्रकल्पाचंच बघा. 1983 मध्ये मंजूर झालेला खर्च 372 कोटी, 2012-13 च्या दरांनी तोच 18,494 कोटी. महागाई, भूसंपादन, पुनर्वसन ही कारणं खरीच. कॅगच्या अहवालांत ताशेरेही आले, पण तोवर पैसा गेलेला होता आणि वैनगंगेकाठची गावं पाण्यासाठी थांबलेलीच होती.

सरकारी अंदाज एकाच बाजूला का झुकतात? अर्थतज्ज्ञ जेफ्री फ्रँकेल यांनी 33 देशांचे अंदाज प्रत्यक्ष आकड्यांशी ताडून पाहिले. नुसती चूक असती तर ती कधी वर, कधी खाली गेली असती. इथे बहुतेक सरकारं तूट कमी धरत होती, आणि जितक्या लांबच्या वर्षाचा अंदाज तितका आशावाद जास्त. चिली याला अपवाद ठरला. तिथे सरकारी उत्पन्नाच्या अंदाजासाठी तांब्याचा पुढचा भाव काय धरायचा, हे मंत्री नव्हे, स्वतंत्र तज्ज्ञांचं मंडळ ठरवतं.

सरकारचे आकडे आधीच तपासणाऱ्या अशा स्वतंत्र संस्थेवर खर्च किती येतो? अमेरिकेच्या संसदेचं अर्थसंकल्प कार्यालय 1974 च्या कायद्याने उभं राहिलं. तिथे पावणेतीनशेच्या आसपास माणसं आहेत. वर्षाचा खर्च साधारण 7 कोटी डॉलर, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या दर लाख डॉलरच्या खर्चामागे सुमारे एक डॉलर. फायदा असा मोजता येत नाही, कारण टळलेली चूक कुठल्याच वहीत चढत नाही. ब्रिटनमध्ये मात्र ही संस्था बाजूला ठेवली की काय होतं, ते सप्टेंबर 2022 मध्ये दिसलं. तिथल्या सरकारने मोठी करकपात जाहीर केली, पण 2010 पासून काम करणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाचा अंदाज घेतलाच नाही. कार्यालय तो द्यायला तयार होतं. पुढच्या घसरणीची कारणं आणखीही होती, पण पैसा कुठून येणार याचं उत्तर नसल्याने बाजार घाबरला. पौंड डॉलरसमोर विक्रमी नीचांकाला गेला आणि मध्यवर्ती बँकेला सरकारी रोखे खरेदीसाठी 65 अब्ज पौंडांपर्यंतची तयारी जाहीर करावी लागली.

अर्थात, कायदा असला म्हणजे संस्था टिकतेच असं नाही. हंगेरीत वित्त परिषदेने, म्हणजे तिथल्या अशाच स्वतंत्र संस्थेने, टीका केली आणि 2010 च्या अखेरीस सरकारने तिचे पैसे आणि माणसं दोन्ही काढून घेतली. म्हणून नेमणूक आणि निधी अर्थखात्याच्या हातात नसावा, ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

भारतात वित्तीय शिस्तीच्या कायद्याचा आढावा घेणाऱ्या एन. के. सिंग समितीने 2017 मध्ये अशा वित्त परिषदेची शिफारस केली, पंधराव्या वित्त आयोगानेही केली. परिषद अजून झालेली नाही. केंद्राची वाट न पाहता महाराष्ट्राला विधिमंडळाच्या अखत्यारीत छोटं कार्यालय काढता येईल. प्रत्येक नव्या योजनेचा पाच वर्षांचा खर्च त्याने मतदानाआधी मराठीत छापावा, आणि पुरवणी मागण्यांतल्या प्रत्येक मोठ्या रकमेपुढे एक ओळ लिहावी: हा खर्च मार्चमध्ये माहीत होता की नव्हता.