बर्नआऊट की डिप्रेशन? ऑफिसात दोघांवरचे उपाय हमखास उलटे होतात

ऑफिसात कुणी थकल्यासारखं, कशातच मन नसल्यासारखं वागायला लागलं की आजूबाजूचे लगेच म्हणतात बर्नआऊट झालाय, कारण ते म्हणायला सोपं जातं, त्यात थोडी शाबासकी पण असते की बाबा खूप राबला. डिप्रेशन म्हणायची वेळ आली की मात्र सगळे इकडेतिकडे बघतात. मग होतं काय, ज्याला डॉक्टरची गरज आहे त्याला आठवडाभर सुट्टी मिळते आणि ज्याच्या डोक्यावर तीन माणसांचं काम आहे त्याला मेडिटेशनचं अ‍ॅप.

बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं हे मान्य. झोपेचा बोजवारा, चिडचिड, एकच मेल चार वेळा वाचून पण रिप्लाय न सुचणं.

पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, जी २०१९ ला मंजूर झाली आणि २०२२ पासून लागू झाली, बर्नआऊटला आजार म्हटलेलंच नाहीये. कामाच्या ठिकाणचा ताण बरेच दिवस साचत राहिला, त्याचं कुणी काही केलं नाही, तर जे होतं ते बर्नआऊट. त्यात तीन गोष्टी येतात: अंगात त्राण न उरणं, कामाबद्दल तुसडेपणा येणं किंवा मन त्यातून उठणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. क्रिस्टिना मॅस्लाक आणि मायकेल लायटर या संशोधकांनी त्यामागे सहा कारणं सांगितलीत: कामाचा बोजा, कामावर आपलं किती चालतं, मोबदला आणि कौतुक, सोबतची माणसं, न्याय, मूल्यं. लोक पहिल्यावरच अडकतात. माझ्या मते बाकीची पाच जास्त पोखरतात, कारण तास कमी असले तरी प्रत्येक बारीकसारीक निर्णयाला तीन ठिकाणी मंजुरी लागत असेल आणि शेवटी प्रेझेंटेशनवर नाव दुसऱ्याचंच येत असेल तर माणूस आतून संपतोच.

डिप्रेशन हा आजार आहे. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास किंवा कशातच रस नाही, आणि सोबत भूक, झोप, एकाग्रता, अपराधीपणा, जगणं नकोसं वाटणं यातलं बरंच काही. नोकरी उत्तम चाललेल्या माणसाला पण होतं. घरचं वातावरण, आनुवंशिकता, एखादं दुखणं, किंवा ऑफिसातलाच छळ, कारणं अनेक.

ढोबळ खूण म्हणायची तर अशी, की कामापासून लांब गेल्यावर काय होतं ते बघा. बर्नआऊटवाल्याला मित्र भेटले, आवडीचं काही हातात आलं की जरा तरतरी येते, रविवार संध्याकाळ झाली की पुन्हा पोटात गोळा. डिप्रेशनमध्ये आवडीचं पण बेचव होतं आणि माणूस नोकरीवर कमी, स्वतःवर जास्त चिडतो. अर्थात ही खूण पक्की नाही, दोन्ही एकत्र असू शकतात, लांबलेल्या बर्नआऊटनंतर डिप्रेशन येऊ शकतं, त्यामुळे मॅनेजरने निदान करायच्या भानगडीत पडूच नये. फक्त हल्ली कसं चाललंय, कामात काय जड जातंय एवढं विचारावं आणि उत्तर ऐकून घ्यावं. जगण्याचाच कंटाळा आलाय असं काही बोलण्यात आलं तर एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मदत मिळवून द्यायची.

उपायांचं म्हणाल तर बर्नआऊटमध्ये सुट्टीने दम खाता येतो, पण परत आल्यावर तोच ढीग, तोच बॉस असेल तर काही दिवसांत जैसे थे. तिथे काम बदलावं लागतं, म्हणजे माणसं वाढवा, डेडलाईन सैल करा, श्रेय द्या. हे खर्चाचं आहे म्हणून कंपन्या वर्कशॉप घेतात, असो.

डिप्रेशनमध्ये उलटं. समुपदेशन, गरजेप्रमाणे औषधं हे मुख्य, आणि ऑफिसने सोबतीला वाव द्यायचा: सकाळी उशिरा येण्याची मुभा, थेरपीच्या वेळेला मीटिंग नको, तोंडी सांगण्याऐवजी लेखी सूचना, रजेवरून आल्यावर हळूहळू वाढवत नेलेले तास. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात दीर्घकाळच्या मानसिक अडचणी पण येतात, आणि अशा वाजवी सोयी नाकारणं हा त्यात भेदभावच धरलाय.

सगळ्यात मोठी गडबड मात्र चांगल्या मनाने होते. कुणी विश्वासाने सांगतं की मला डिप्रेशन आहे, ट्रीटमेंट चालू आहे, आणि पुढच्या सोमवारपासून त्याला महत्त्वाच्या मीटिंगचं इन्व्हाईटच येत नाही, चांगला प्रोजेक्ट परस्पर दुसऱ्याकडे, का तर म्हणे त्याला ताण नको. कुणी विचारलेलं नसतं. आपल्याला बाजूला काढलंय हे त्याला कॅलेंडर बघून कळतं, आणि शेजारी बसून हे सगळं बघणारा दुसरा जण, ज्याला पण सांगायचं होतं, तो गप्प राहायचं ठरवतो.