एकाच्या जागी ±

उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये जुनं सीएनसी मशीन (प्रोग्राममधल्या आज्ञांवर धातू कापणारं) आहे. त्याला जोडलेला कॉम्प्युटर गेला म्हणून मालकांनी नवा लॅपटॉप आणला, यूएसबीचा कन्व्हर्टर लावला आणि मशीनमधला प्रोग्राम बाहेर काढायला घेतला. पडद्यावर नुसते चौकोन आणि टोपीवाली अक्षरं. "केबल तीनदा बदलली की हो! लई वैताग आलाय," मालक म्हणाले.

केबलला हात लावायच्या आधी पडद्याकडे नीट बघावं, असं माझं मत. सिरीयल लाइनवरच्या, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीवरच्या, गिचमिडीलाही बहुतेकदा एक वळण असतं.

या जोडणीत आकडे पाठवायला एकच तार असते आणि वेळ सांगणारी वेगळी तार नसते. लेझीमवाल्यांनी हलगीचा पहिला ठोका ऐकावा आणि पुढचे ठोके मनातल्या मनात मोजावेत, तसा कारभार. बिट म्हणजे एक किंवा शून्य, आणि पहिला ठोका म्हणजे स्टार्ट बिट. मग अक्षराचे बिट आणि शेवटी स्टॉप बिट, असे साधारण दहा. पुढच्या अक्षराला पुन्हा नवा ठोका. सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला एक बिट जेमतेम १०४ मायक्रोसेकंद टिकतो आणि घेणारा त्याच्या मधोमध डोकावतो. दोन्हीकडच्या घड्याळांत मिळून पाच टक्क्यांचा फरक पडला, तर दहाव्या बिटापर्यंत अर्ध्या बिटाची चूक साठते आणि घेणारा शेजारच्या घरात डोकावतो. या वेगाला बॉड म्हणतात, ते एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्र अभियंत्यावरून.

लॅपटॉप ९६०० वर होता. मशीनच्या पॅरामीटरच्या पानावर ४८०० निघालं. म्हणजे लॅपटॉप प्रत्येक बिट दोनदा वाचत होता. वेग जुळवला आणि पडद्यावर जी-कोड, म्हणजे मशीनच्या आज्ञा, दिसू लागला. मालकांनी चहा सांगितला.

चहा येईपर्यंत लक्षात आलं, की काम अर्धंच झालंय. ३५० हा आकडा जसाच्या तसा, पण १०६ च्या जागी ±०६. चाळून पाहिलं तर ०, ३, ५, ६, ९ सगळीकडे शहाण्यासारखे आणि १, २, ४, ७, ८ सगळीकडे बिघडलेले. खराब केबल अशी निवडून पाच आकड्यांवर डूख धरत नाही!

हे पॅरिटीचं काम. मशीन प्रत्येक अक्षर सात बिटांत पाठवतं आणि त्यातले 'एक' मोजतं. संख्या विषम आली तर आठवा बिट एक करून ती सम करतं, सम असेल तर आठवा बिट शून्य ठेवतं. आकडा १ चा कोड ४९, म्हणजे ०११०००१. त्यात तीन 'एक', म्हणून आठवा बिटही एक. लॅपटॉपला पॅरिटीची कल्पनाच दिलेली नव्हती. त्यानं आठवा बिट अक्षराचाच धरला, ४९ मध्ये १२८ मिळवले आणि १७७ क्रमांकाचं चिन्ह दाखवलं, ते म्हणजे ±. आकडा ३ मध्ये चार 'एक' असतात, म्हणून तो सुटला. सात बिट आणि इव्हन, म्हणजे सम, पॅरिटी ठेवल्यावर प्रोग्राम लख्ख आला.

केबल कधीच दोषी नसते असं नाही. एकच प्रोग्राम दोनदा घ्यावा. दोन्ही वेळी गिचमीड तीच, तर घोळ बहुतेक सेटिंगचा. दर वेळी वेगळी, तर दोन्हीकडची ग्राउंडची तार जोडली आहे का बघावं आणि शेजारी वेल्डिंग चालू असेल तर ते थांबवून पुन्हा घ्यावं.

पॉलिटेक्निकची पोरं ईएसपी-८२६६ या वायफाय चिपचा बोर्ड आणतात, त्याची गंमत वेगळीच. सुरू होताना तो चार ओळी गिचमीड टाकतो आणि बोर्ड खराब निघाला म्हणून पोरं दुकानदाराशी भांडतात. त्याचा सुरुवातीचा प्रोग्राम ४० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (घड्याळाला ठोका देणारा स्फटिक) गृहीत धरून ११५२०० चा हिशोब करतो. बोर्डावर असतो २६ चा. ११५२०० ला २६ नं गुणून ४० नं भागा, ७४८८० येतं. टर्मिनल, म्हणजे लाइनवरचा मजकूर दाखवणारा लॅपटॉपवरचा प्रोग्राम, त्या वेगावर ठेवलं की त्या ओळी सरळ वाचता येतात.

उद्यमनगरातल्या मशीनच्या दारावर आता, खंडेनवमीच्या स्वस्तिकाखाली, मार्करनं लिहिलंय: ४८००, ७, इव्हन, २. शेवटचा २ म्हणजे स्टॉप बिट. तिन्ही केबल खिळ्याला टांगल्यात.