आधी हेड, मग कॅम

शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-8 इंजिनावर बाजारातली ॲल्युमिनियमची हेड (सिलिंडरांवर बसणारा वरचा भाग) चढवायची ठरली, की पाठोपाठ प्रश्न येतो: आता कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट) कुठला घालायचा? जाणता इंजिन बांधणारा याचं उत्तर लगेच देत नाही. तो आधी हेडचे आकडे मागतो. पण अमेरिकेतल्या हॉट रॉडच्या, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेल्या गाड्यांच्या दुनियेत कित्येक दशकं क्रम याच्या नेमका उलटा होता. हेड गाडीबरोबर आलेलं असायचं, बदलायचा तो कॅम. 'जितका मोठा कॅम तितकी जास्त ताकद' ही आजही टिकून असलेली समजूत त्याच काळातून आली आहे, आणि नव्या हेडवर ती हमखास महागात पडते.

कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्याच्यावरचे लोब, म्हणजे उंचवटे, ठरवतात की व्हॉल्व्ह कधी उघडायचा, क्रँकच्या फेऱ्याचे किती अंश उघडा ठेवायचा (ड्युरेशन) आणि किती उचलायचा (लिफ्ट). मराठी माणसाला हा भाग परका नाही. सोलापूरच्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्समध्ये ओतलेले कॅमशाफ्ट देशोदेशींच्या मोटारकंपन्यांकडे जातात. पण उघडलेल्या व्हॉल्व्हमधून हवा किती जाईल, ते कॅमच्या हातात नसतं. ते हेडमधला पोर्ट, म्हणजे हवेची वाट, ठरवतो.

1932 साली आलेल्या फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-8मध्ये तर पोर्टही हेडमध्ये नव्हते. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य भागात, आणि हेड म्हणजे वरचं झाकण. 221 घनइंचाचं हे इंजिन 65 अश्वशक्ती देई. जळलेला वायू ब्लॉकच्या पोटातून बाहेर पडे, म्हणून ते तापायचंही फार. हेड बदलून कॉम्प्रेशन वाढवता येई, श्वास मात्र मोकळा होत नसे. मग भर कॅमवर. लॉस एंजेलिसच्या परिसरात एड विनफिल्ड यांच्या कॅमचं मोठं नाव होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर एड इस्केंडेरियन या तरुणाला आपल्या गाडीच्या कॅमसाठी काही महिने थांबावं लागलं, तेव्हा त्याने एक जुनं ग्राइंडिंग मशीन घेतलं, त्यात फेरफार केले आणि स्वतःच कॅम घासायला लागला. पद्धत साधी होती: जुन्या कॅमशाफ्टचा मूळ गोल घासून लहान करायचा, म्हणजे लोबचं नाक त्या मानाने उंच होतं. व्हॉल्व्ह जास्त उचलला जातो, जास्त वेळ उघडा राहतो. अरुंद वाटेवरचा हा इलाज होता. रस्ता रुंद करता येत नाही, तर फाटक जास्त वेळ उघडं ठेवा.

रस्ताच रुंद करण्याचा मोठा प्रयत्न 1940च्या दशकाच्या उत्तरार्धात झोरा आर्कस-डंटोव्ह आणि त्याचा भाऊ युरा यांनी केला. आडनावाच्या दोन तुकड्यांवरून त्यांच्या हेडना 'आर्डन' नाव पडलं. त्याच फोर्ड ब्लॉकवर ॲल्युमिनियमची हेड, अर्धगोलाकार ज्वलनकक्ष, व्हॉल्व्ह डोक्यावर. कॅम मात्र होता तिथेच, ब्लॉकमध्ये. फ्लॅटहेडमध्ये लोब जेवढा उंच, तेवढाच व्हॉल्व्ह उचलला जाई. इथे मध्ये पुशरॉड (ढकलदांडा) आणि रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी तरफ) आले, आणि पोर्टही मोकळे झाले. एकाच ब्लॉकला दोन तऱ्हेची हेड, तर कॅम एकच कसा चालेल? माझ्या मते या विषयाचा गाभा इथेच पहिल्यांदा ठळकपणे समोर आला.

हाच डंटोव्ह 1953 साली जनरल मोटर्समध्ये गेला. 1955 साली याच कंपनीच्या शेव्हरोलेचा 265 घनइंचाचा स्मॉल ब्लॉक आला आणि त्याच्यासाठी त्याने आखलेला कॅम 'डंटोव्ह कॅम' म्हणूनच प्रसिद्ध झाला. जानेवारी 1956मध्ये डेटोना बीचच्या वाळूवर त्याने शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार कॉर्व्हेट ताशी 150 मैलांच्या वर नेली. या कॅमचे आकडे बघण्यासारखे आहेत. ड्युरेशन तब्बल 287 अंश, पण लिफ्ट जेमतेम 0.40 इंच. त्या वेळच्या कारखान्याच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह त्याहून फार उचलून हवेत मोठी भर पडत नव्हती, शिवाय स्प्रिंगवर ताण यायचा. तो कॅम त्या हेडच्या मापाने शिवलेला होता. म्हणूनच तो चालला.

त्या हेडची आणखी एक उणीव म्हणजे एक्झॉस्ट पोर्ट. हवा आत घेणाऱ्या इनटेक पोर्टच्या मानाने जळलेला वायू बाहेर सोडणारा हा पोर्ट बराच कमी वाहता. त्यामुळे कॅम घासणारे एक्झॉस्टला आठ-दहा अंश जास्त ड्युरेशन देऊ लागले आणि पुढे तो रिवाजच पडला.

रिवाज तपासायला मोजमाप लागतं. ते दोन बाजूंनी आलं. ड्युरेशन पूर्वी जो तो आपल्या सोयीच्या बिंदूपासून मोजायचा, त्यामुळे दोन कंपन्यांच्या कॅमची तुलनाच व्हायची नाही. पुढे टॅपेट (लोबवर टेकून वरखाली होणारा भाग) 0.050 इंच उचलला गेल्यापासून मोजायची पद्धत रुळली. दुसरीकडे 1970च्या दशकात सुपरफ्लोसारख्या कंपन्यांच्या फ्लो बेंचमुळे, म्हणजे हेडमधून जाणारी हवा मोजणाऱ्या यंत्रामुळे, छोट्या वर्कशॉपलाही कुठल्या लिफ्टला किती हवा जाते हे बघता येऊ लागलं.

पुढे बाजारात चांगली हेड आली आणि हिशेबच बदलला. चांगल्या हेडमध्ये हवा 0.55 इंचापर्यंत वाढतच राहते, तेव्हा लिफ्ट वाढवण्यात अर्थ असतो. 1987पासून स्मॉल ब्लॉकमध्ये कारखान्यातूनच आलेल्या रोलर (चाक असलेल्या) टॅपेटमुळे ड्युरेशन न वाढवता ती लिफ्ट मिळवणंही सोपं झालं. एक्झॉस्ट पोर्ट इनटेकच्या 75-80 टक्के वाहत असेल, तर ते जादा अंश बहुतेकदा लागतच नाहीत. तरी सवयीने 350 घनइंचाच्या रस्त्यावरच्या इंजिनाला 220 सीसीचे पोर्ट आणि वर लांब ड्युरेशनचा कॅम दिला जातो. मग कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, आयडलिंगला इंजिनाचा व्हॅक्यूम उतरतो, आणि ब्रेकला मदत करणारा तोच असल्याने पेडल दगडासारखं लागतं.

उलट चूकही होते. कारखान्याचंच 1996चं व्हॉर्टेक हेड चांगलं वाहतं, पण मूळ अवस्थेत साधारण 0.47 इंचाच्या पुढे लिफ्ट दिली, तर स्प्रिंगचा रिटेनर (स्प्रिंग धरून ठेवणारी वरची चकती) व्हॉल्व्ह गाइडवर, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी जिच्यातून सरकते त्या नळीवर, आदळतो.

त्यामुळे हेड बंद करण्याआधीची जुनी तपासणी आजही चुकवत नाहीत. पिस्टनवर मऊ मातीचा थर लावायचा, हेड आवळायचं, इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं आणि हेड पुन्हा उतरवायचं. मातीत व्हॉल्व्हचा ठसा उमटलेला असतो. तो पात्याने कापून सर्वांत पातळ जागी जाडी मोजतात: इनटेकला निदान 0.080 इंच, एक्झॉस्टला 0.100. जुन्या हेडबरोबर हाच कॅम वर्षानुवर्षं सुखाने चालला असला, तरी नव्या हेडमध्ये व्हॉल्व्हचा व्यास आणि जागा वेगळी असू शकते, म्हणून ही माती पुन्हा लावावीच लागते.