पॅच मारून झाल्यावर

२४ एप्रिल २०२५ला एसएपी या, कंपन्यांचे हिशेब आणि व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जर्मन कंपनीने घाईघाईने एक सुरक्षा पॅच, म्हणजे दोष बुजवणारी दुरुस्ती, काढला. एरवी तिचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. हा आला गुरुवारी, मध्येच. दोषाची तीव्रता ठरली होती १० पैकी १०. ९ किंवा त्यापुढे गेलं की दोष 'क्रिटिकल' धरतात. पूर्ण १० क्वचितच दिसतात.

दोष एसएपीच्या नेटवीव्हर प्रणालीच्या व्हिज्युअल कंपोजर या जुन्या, बऱ्याच ठिकाणी विसरल्या गेलेल्या भागात होता. सर्व्हरवर फाइल चढवायची त्यात एक सोय होती, आणि ती समोरच्याला 'तू कोण' हे विचारतच नव्हती. लॉगिन नाही, पासवर्ड नाही. हल्लेखोरांनी तिथून छोट्या जेएसपी फाइली आत सारल्या. नावं अगदी सोज्वळ: 'हेल्पर', 'कॅशे'. अशी फाइल ब्राउझरमधून उघडली की सर्व्हर तिच्यातला कोड चालवतो. मग हल्लेखोर घरबसल्या आज्ञा देतो आणि सर्व्हर ती पाळतो. याला वेब शेल म्हणतात. आज्ञा चालते ती खुद्द एसएपी ज्या खात्यावर चालतं त्याच्या अधिकाराने. दर कुणी पाहायचे, सप्लायरचा बँक खाते क्रमांक कुणी बदलायचा, ही सगळी बंधनं वरच्या मजल्यावर राहतात आणि डेटा खालून उचलला जातो. कुणी काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता हे कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आणून पाहू. समजा, एक फाउंड्री आहे, तीन शिफ्ट चालते, वाहन कंपन्यांना कास्टिंग पुरवते. ईआरपी (हिशेब, साठा, डिस्पॅच एकत्र चालवणारं एसएपीसारखं सॉफ्टवेअर) बंद पडलं की इनव्हॉइस निघत नाही, ई-वे बिल निघत नाही आणि भरलेला ट्रक गेटवरच थांबतो. साखर कारखान्याचं दुखणं याहून मोठं. गळीत हंगामात काट्यावरचं वजन थेट शेतकऱ्याच्या बिलात जातं, आणि कायद्याने एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, १४ दिवसांत द्यायची असते. त्यामुळे 'सिस्टिम बंद करून पॅच मारू' म्हटलं की मालक म्हणणार, 'रविवारी बघू.' त्याला मूर्ख म्हणण्यात अर्थ नाही. त्याचं नुकसान खरंच तासावर मोजलं जातं.

पण पॅचच्या आधी एक प्रश्न येतो: हा भाग आपल्याकडे आहे का, आणि असला तर बाहेरून दिसतो का? फाउंड्रीवाल्याला हा प्रश्न शिकवावा लागू नये. मशिनिंगला लागल्यावर एका कास्टिंगमध्ये ब्लोहोल (आतली हवेची पोकळी) उघडा पडला की तो हीट नंबर, म्हणजे धातूच्या त्या वितळणीचा क्रमांक, काढतो आणि त्या हीटचे बाकीचे नग कुठे गेले ते शोधून थांबवतो. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र हे रजिस्टर बहुतेकांकडे नसतंच. २०२१च्या डिसेंबरात लॉगफोरजे या जावा लायब्ररीतला दोष बाहेर आला तेव्हा जगभर हीच पंचाईत झाली. ती लायब्ररी कुणी मुद्दाम विकत घेतलेली नव्हती, दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसून आली होती. आता सर्ट-इन या भारताच्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनेही २०२४मध्ये सॉफ्टवेअरच्या 'बिल ऑफ मटेरियल्स'साठी (बीओएम), म्हणजे आत कोणकोणते भाग आहेत त्या यादीसाठी, मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. बीओएम हा शब्द आपल्या उद्यमनगरात कुणाला समजावून सांगायला नको.

यादी नसली की काय होतं, ते लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीने दाखवलं. अपाचे स्ट्रट्स या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या दोषाचा पॅच ७ मार्च २०१७ला आला. कंपनीत ईमेल फिरला, स्कॅनही झालं, पण दोष असलेली एक प्रणाली स्कॅनला सापडलीच नाही. मेमध्ये चोर आत आले, जुलैअखेरीस उमगलं, तोवर सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली होती.

यादीत नाव सापडलं तरी लगेच सगळं बंद करायची गरज नसते. फाइल चढवण्याचा तो एकच पत्ता फायरवॉलवर अडवता येतो, किंवा सर्व्हर इंटरनेटवरून काढून कारखान्याच्या आतल्या नेटवर्कपुरता ठेवता येतो. डिस्पॅच चालू राहतं. तेवढ्या वेळात पॅच आधी टेस्ट सर्व्हरवर मारून पाहायचा आणि मग खऱ्यावर. रविवार चालेल की नाही हे या एका गोष्टीवर ठरतं. बाहेरची वाट बंद असेल तर थोडी सवड मिळते. उघडी असेल तर रविवार फार लांब आहे.

आणि तरीही पॅच मारला की सुटलो, असं नाही. एसएपीच्या या दोषाचा वापर मार्चमध्येच सुरू झाला होता आणि पॅच आला एप्रिलच्या शेवटी. मधल्या काळात चढवलेली फाइल पॅचने पुसली जात नाही. पुढे तर एकाने घातलेल्या वेब शेलमधून भलतेच हल्लेखोर शिरू लागले. १३ मेला कंपनीने आणखी एक पॅच काढला, कारण मुळातला दोष पहिल्याने पुरता गेला नव्हता. म्हणून पॅचच्या आधीच्या तारखांच्या अनोळखी जेएसपी फाइली, कुणी न बनवलेले युजर, रात्री-अपरात्री सर्व्हरने बाहेर उघडलेली कनेक्शनं, हे सगळं धुंडाळावं लागतं. काही सापडलं की व्हेंडर हमखास सांगतो, 'फॉरमॅट मारू.' थांबवा त्याला. आधी डिस्कची आणि लॉगची (सर्व्हरने आपोआप ठेवलेल्या नोंदींची) प्रत काढा, नाहीतर काय काय गेलं हे कधीच कळणार नाही. सर्ट-इनच्या २०२२च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस जपायचे असतात आणि अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते.

मुख्य खातेवही जागच्या जागी दिसते म्हणून निर्धास्त राहता येत नाही, हे कोल्हापूरने जवळून पाहिलं आहे. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. हल्लेखोरांनी एटीएमच्या व्यवहारांमध्ये आपली बनावट यंत्रणा घुसवली होती. खात्यात पैसे आहेत का, हा प्रश्न ती बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोचूच देत नव्हती, स्वतःच 'हो' म्हणत होती. २८ देशांतून पैसे निघाले, आणि देशात जे निघाले त्यांत कोल्हापूरची एटीएमही होती.

त्यामुळे शोधातलं एक काम आयटीवाल्यावर सोडू नये. ते अकाउंट्स विभागाचं आहे. दोष फुटण्याच्या आधीच्या बॅकअपमधून किंवा जुन्या छापील यादीतून सप्लायरचे आणि ऊस उत्पादकांचे बँक खाते क्रमांक काढायचे आणि आज सिस्टिममध्ये असलेल्या क्रमांकांशी एकेक ताडून पाहायचे. जिथे फरक दिसेल तिथे पेमेंट थांबवून त्या माणसाला फोन लावायचा, तोही जुन्या कागदावरच्या नंबरवर. सिस्टिममधला नंबरही बदललेला असू शकतो.