मोठे, जड स्पीकर दूरच्या गावी पाठवताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या पुण्यातील कार्यशाळेत जमिनीवर उभे राहणारे जुने मोठे स्पीकर दुरुस्त होतात आणि येथून ते नागपूर, बेंगळुरू, कोलकाता, क्वचित गुवाहाटीपर्यंतही जातात. दुरुस्तीचा खर्च ठरला की जवळपास प्रत्येक ग्राहक पुढे दोनच गोष्टी विचारतो : माल नीट पोहोचेल का आणि भाडे किती पडेल. फोनवर त्याचे उत्तर तुटक दिले जाते, म्हणून आमचा अनुभव येथे सविस्तर मांडत आहोत. आपण आपले स्पीकर आमच्याकडे पाठवणार असाल, तरीही हीच माहिती उपयोगी पडेल.

माल मोडतो कुठे

रस्ते खराब आहेत म्हणून स्पीकर मोडतात, असा बहुतेकांचा समज असतो. आमच्याकडे मोडून आलेल्या जोड्या उघडून पाहताना मात्र धक्क्यापेक्षा पडल्याच्या खुणाच अधिक दिसतात. सुट्या मालाचा प्रवास मनाशी मोजून पाहावा : घरातून टेम्पोत, टेम्पोतून बुकिंगच्या गोडाऊनमध्ये, तेथून मोठ्या ट्रकमध्ये, मधल्या हबवर खाली, पुन्हा वर, पोहोचण्याच्या शहरातील गोडाऊनमध्ये, तेथून पुन्हा टेम्पोत आणि शेवटी दारात. आठ वेळा माल उचलला जातो आणि प्रत्येक वेळी हात वेगळे असतात. वीस-बावीस किलोचा खोका एका माणसाला उचलता येतो, त्यामुळे तो फेकलाही जातो. चाळीस किलोचा खोका घसटत किंवा कोपऱ्यावर उलटवत नेला जातो. शंभर किलोचे पॅलेट (खाली हातगाडी शिरेल असा लाकडी पाट) मात्र हाताने हलत नाही, त्याला हातगाडीच लावावी लागते आणि म्हणूनच ते सहसा सुखरूप पोहोचते. या कारणाने जोडीचे दोन्ही खोके एकाच पॅलेटवर पट्टीने आवळून पाठवावेत, असा आमचा आग्रह असतो. फोमवर जास्तीचे पैसे घालवण्यापेक्षा चढउतार कमी करण्यावर ते घालवलेले बरे.

आपटलेल्या स्पीकरला नेमके काय होते, हे एका उदाहरणाने सांगतो. तीन वर्षांपूर्वी विदर्भातून एक जोडी दुरुस्तीला आली. खोक्याचा एक कोपरा किंचित चेपलेला होता, बाकी ओरखडाही नव्हता. कॅबिनेटचे पॉलिश जसेच्या तसे होते. वूफरच्या (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या भागाच्या) कोनवर, म्हणजे पुढच्या पडद्यावर, दोन्ही बाजूंना बोटे ठेवून तो हलकेच आत दाबला, तेव्हा वाळूचा कागद घासल्यासारखा बारीक आवाज आला. बारा इंची वूफरच्या पाठीमागे कित्येक किलोचे फेराइट चुंबक असते आणि ते पुष्कळदा केवळ गोंदाच्या जोरावर धरलेले असते. चुंबकाच्या फटीत व्हॉइस कॉइल, म्हणजे कोन हलवणारी तारेची गुंडाळी, तरंगते आणि तिच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी मोकळी जागा असते. खोका आपटतो तेव्हा कॅबिनेट जागीच थांबते, पण चुंबक पुढे जाऊ पाहते; ते केसभर सरकले तरी कॉइल घासू लागते. या जोडीत चुंबक असेच किंचित सरकले होते. बाहेरून काहीच दिसत नसल्याने वाहतूकदाराने नुकसान मान्य केले नाही, आणि कागदोपत्री पाहता त्याचे म्हणणे खोडून काढणे अवघड होते.

म्हणूनच पंधरा इंची किंवा त्याहून मोठा वूफर असल्यास आम्ही तो कॅबिनेटमधून सोडवून वेगळ्या खोक्यात भरतो आणि कॅबिनेटचे भोक प्लायवूडच्या चकतीने बंद करतो. हॉर्नच्या (भोंग्याच्या) पाठीमागे लटकणारा कॉम्प्रेशन ड्रायव्हर, म्हणजे भोंग्यात आवाज सोडणारा भाग, हाही काढलेला बरा. क्रॉसओव्हरच्या (उंच व खालचे स्वर वेगळे करणाऱ्या मंडलाच्या) पाटीवरील लोखंडी गाभ्याच्या जड कॉइल जुन्या स्पीकरमध्ये निसटलेल्या असतात. भरण्यापूर्वी कॅबिनेट हलके तिरके करून आत काही खडखडते का, हे ऐकावे. ज्यांना स्क्रू काढण्याची सवय नाही त्यांनी मात्र ड्रायव्हर (वूफरसारखे आवाज काढणारे भाग) काढण्याच्या फंदात पडू नये, कारण चुंबक स्क्रूड्रायव्हरला ओढून घेते आणि त्याचे टोक थेट कोनमध्ये घुसते. असे फाटलेले कोन आमच्याकडे वाहतुकीत मोडलेल्यांच्या निम्म्याने तरी येतात!

भरण्याची पद्धत

स्पीकरचा मूळ खोका आणि त्याचे साचेबंद फोम जपून ठेवले असतील, तर त्यासारखे दुसरे काही नाही. तो खोका बाहेरून सात प्लायच्या (सात थरांच्या पुठ्ठ्याच्या) दुसऱ्या खोक्यात बसवावा. मूळ खोका नसल्यास आधी कॅबिनेटला मऊ सुती चादर किंवा पातळ फोमशीट गुंडाळावे. बबल रॅप थेट पॉलिशवर लावू नये, कारण उन्हाळ्यात ताडपत्रीखालच्या ट्रकमध्ये बुडबुड्यांचे गोल ठसे पॉलिशवर उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. बबल रॅप ओरखडे टाळण्यापुरता चांगला. चाळीस किलोच्या वजनाखाली त्याचे बुडबुडे पहिल्याच दिवशी फुटतात. थर्माकोलचा भुगा होतो आणि रिकाम्या झालेल्या जागेत स्पीकर खेळू लागतो. जड स्पीकरसाठी कडक, दाट ईपीई (पॉलिथिनच्या) फोमचे ठोकळे आठही कोपऱ्यांवर आणि उभ्या कडांवर बसवावेत, म्हणजे सारे वजन कॅबिनेटच्या मजबूत भागांवर येते आणि समोरच्या बाजूला ड्रायव्हरपाशी मोकळी हवा राहते.

त्याआधी ग्रिल (समोरची जाळी) काढून वेगळे भरावे, कारण बाहेरून दाब आला की ग्रिलची चौकटच ट्विटरच्या (उंच स्वर वाजवणाऱ्या भागाच्या) घुमटात रुतते. तळाचे अणकुचीदार पाय काढून पिशवीत घालून त्यावर नाव लिहावे. मागच्या तारांचे टर्मिनल बाहेर आलेले असतात आणि मोडणाऱ्या भागांत त्यांचा क्रमांक बराच वरचा आहे; त्यांच्याभोवती कापून काढलेल्या फोमची चौकट ठेवावी, म्हणजे मागून लागणारा मार टर्मिनलवर न येता कॅबिनेटवर येईल.

बाहेरून गोणपाट शिवून घेण्याची जुनी पद्धत अनेकांना सुरक्षित वाटते. आम्ही ती सोडून दिली आहे. गोणपाट दिसले की हमाल सवयीने हातातला लोखंडी आकडा त्यात घालून ओढतात आणि आकड्याचे टोक गोणपाट, खोका आणि कधीकधी कॅबिनेटचे व्हिनियरही (वरचा पातळ लाकडी थर) फोडून जाते. जून ते सप्टेंबर या काळात खोक्याच्या आतून जाड पॉलिथिनची पिशवी लावतो आणि पॅलेटची उंची किमान चार इंच ठेवतो. एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) कॅबिनेटचा तळ गोडाऊनमधील ओल्या फरशीवर एक रात्र राहिला तरी फुगतो, आणि फुगलेला एमडीएफ पुन्हा पूर्ववत होत नाही.

भाडे वजनावर नव्हे, आकारमानावर

स्पीकर जड असले तरी वाहतूकदाराच्या दृष्टीने ते पोकळ असतात, त्यामुळे भाडे प्रत्यक्ष वजनावर न लागता खोक्याच्या घनफळावर लागते. हवाई कुरिअर सहसा सेंटिमीटरमधील लांबी, रुंदी व उंचीच्या गुणाकाराला ५००० ने भागतात. रस्त्याने नेणाऱ्या कंपन्या एका घनफुटाला कोणी ६, कोणी ८, कोणी १० किलो धरतात. दर विचारण्याआधी हा आकडा विचारावा, कारण किलोमागचा दर स्वस्त सांगून घनफुटाचा आकडा चढा लावल्यास बिल फुगते.

उदाहरणार्थ, ११० × ३५ × ४० सेंटिमीटरचा, ३८ किलोचा स्पीकर घेऊ. सैल भरून खोका १२५ × ५० × ५५ झाला, तर तो सुमारे १२.१ घनफूट भरतो आणि घनफुटाला ८ किलोच्या हिशेबाने त्याचे वजन ९७ किलो धरले जाते. दाट फोम वापरून तोच खोका १२० × ४५ × ५० मध्ये बसवला, तर घनफळ सुमारे ९.५ घनफूट आणि भाड्याचे वजन ७६ किलो होते. किलोला १२ रुपये दर धरल्यास जोडीमागे जवळपास पाचशे रुपये वाचतात, आणि दाट फोममुळे सुरक्षितताही कमी होत नाही. पाच सेंटिमीटरहून कमी जागा मात्र कोणत्याही बाजूला ठेवू नये. पैसे वाचवण्याची ती जागा नव्हे.

हवाई मार्ग आम्ही सुचवत नाही. मोठ्या स्पीकरचे चुंबक विमानाच्या होकायंत्रावर परिणाम करू शकते, म्हणून बांधलेल्या खोक्याचे चुंबकीय क्षेत्र २.१ मीटर अंतरावरून तपासले जाते आणि मर्यादा ओलांडल्यास माल धोकादायक वस्तूंच्या नियमांत मोडतो. ‘एक्सप्रेस’ या नावाने घेतलेला माल न सांगता विमानाने जातो, म्हणून बुकिंगच्या वेळी तो रस्त्यानेच जाईल असे लिहून घ्यावे. रेल्वे पार्सल स्वस्त पडू शकते, परंतु मधल्या स्थानकावर गाडी बदलायची असल्यास ते टाळावे. शिवाय किंमत जाहीर करून जादा आकार भरला नसेल, तर रेल्वेची जबाबदारी किलोला ५० रुपयांपुरतीच असते. त्याच मार्गावर घरसामान नेणाऱ्या परतीच्या गाडीत जागा मिळाली, तर ती सर्वांत उत्तम : माल एकदा चढतो आणि एकदाच उतरतो. त्यासाठी आठ-दहा दिवस थांबावे लागले तरी आम्ही थांबायला सांगतो.

कागदपत्रे आणि जोखीम

बिल्टीवर (वाहतूकदाराच्या बुकिंगच्या पावतीवर) ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का बहुधा असतोच. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याखालील नियमांनुसार, मालाची अधिक किंमत जाहीर करून जादा जोखीम-आकार भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती राहते. वरच्या उदाहरणातील घट्ट भरलेल्या जोडीचे भाडे साधारण १,८०० रुपये होते. म्हणजे दोन लाखांची जोडी पूर्ण नष्ट झाली तरी हाती १८ हजारांच्या आसपासच येतील. बिलात ‘एफओव्ही’ (मालाच्या किमतीवर लावलेला आकार) नावाची जी रक्कम लावतात, तिला विमा समजू नये. विमा वेगळा घ्यावा आणि तो देशांतर्गत वाहतुकीच्या ‘क्लॉज ए’ प्रकारचा, म्हणजे सर्व जोखमींचा आहे, याची खात्री करावी. इतर प्रकारांत आग किंवा गाडी उलटणे एवढेच धरलेले असते आणि स्पीकर तर हमालाच्या हातून पडतो. अपुऱ्या बांधणीमुळे झालेले नुकसान विमा कंपनी सहसा नाकारते, यासाठी भरतानाची प्रत्येक पायरी मोबाइलवर टिपून ठेवावी. आम्ही तसे फोटो बिल्टीसोबत ग्राहकाला पाठवतो.

राज्याबाहेर जाणाऱ्या, विक्री केलेल्या मालाची किंमत ५०,००० रुपयांहून अधिक असल्यास ई-वे बिल (जीएसटीखालील मालवाहतुकीचा दाखला) लागते; त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, त्यामुळे बेंगळुरूसाठी पाच दिवस मिळतात. आपले घरचे वापरलेले स्पीकर दुरुस्तीसाठी पाठवताना ही अट लागू होत नाही, तरी ‘वैयक्तिक वापराची जुनी वस्तू, विक्रीसाठी नाही’ असे सहीचे पत्र सोबत द्यावे, म्हणजे वाटेतील तपासणीत गाडी खोळंबत नाही. परदेशी पाठवताना साध्या लाकडाच्या पेटीवर उष्णता-प्रक्रियेचा आयएसपीएम-१५ (लाकूड कीडमुक्त असल्याचा आंतरराष्ट्रीय) शिक्का हवा. प्लायवूडला त्यातून सूट असल्याने आम्ही प्लायवूडचीच पेटी करतो.

माल हाती आल्यावर

खोका फाटलेला, ओला किंवा चेपलेला असल्यास पोहोच-पावतीवर सही करण्यापूर्वी तसा शेरा लिहावा. ‘माल नंतर पाहू’ असे गाडीच्या चालकाला सांगितले की दावा तेथेच कमकुवत होतो. खोका उघडतानाचे चित्रीकरण करावे. ॲम्प्लिफायर जोडण्याआधी प्रत्येक कोन बोटांनी हलकेच दाबून पाहावा आणि घासल्याचा आवाज आल्यास स्पीकर वाजवू नये, कारण सरकलेले चुंबक बऱ्याचदा परत बसवता येते, पण घासून जळालेली कॉइल नव्यानेच गुंडाळावी लागते. नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत पोहोचली पाहिजे. विम्याची कळवण्याची मुदत त्याहून पुष्कळ कमी असते, म्हणून ते त्याच दिवशी उरकावे. पॅलेट आणि प्लायवूडची पेटी टाकून देऊ नये. ती सुट्या फळ्यांच्या स्वरूपात परत पाठवल्यास पुढच्या वेळी आम्ही पेटीचे पैसे लावत नाही.