टिचकी आत पडली की बाहेर?

‘कोडिंग शिका, नाहीतर मागे पडाल’ छापाच्या जाहिरातींना सध्या ऊत आला आहे. त्यातून एक समज पक्का होत चाललाय, की वेबपानावर जरा काही हलतं-उघडतं करायचं म्हणजे प्रोग्रॅमर गाठावा लागणार. महाराष्ट्राच्या नकाशात साताऱ्यावर टिचकी मारली की साताऱ्याचं पान उघडावं, रत्नागिरीवर मारली की रत्नागिरीचं, एवढ्यासाठी खरंतर बिंदूंची यादी पुरते.

याला इमेज मॅप म्हणतात. जिम्प या चित्रं हाताळायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ‘फिल्टर्स’ मेन्यूत, ‘वेब’खाली, ही सोय आहे. जिल्ह्याच्या सीमेवर टिचक्या मारत फेरी पुरी करायची आणि लिंकचा पत्ता द्यायचा. एचटीएमएलचा, म्हणजे वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिचा, मजकूर तयार होतो, तो पानात चिकटवायचा. त्यातले आकडे म्हणजे शाळेतल्या आलेखाचे एक्स आणि वाय. फक्त आरंभबिंदू चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि वाय खाली जाताना वाढतो.

सुरुवातीला टिचकीचे आकडे पान पुरवणाऱ्या सर्व्हरकडे जायचे आणि टिचकी कुठल्या भागात पडली याचा निवाडा तिथे व्हायचा. १९९७ च्या एचटीएमएल ३.२ मध्ये हे काम ब्राउझरकडे देण्याची सोय प्रमाणित झाली.

आता खरी गंमत. टिचकी आत पडली की बाहेर हे ठरवायला आयत सोपा, वर्तुळाला केंद्रापासूनचं अंतर काढायला पायथागोरस पुरतो. पण खाड्यांनी कुरतडलेल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यालगत टिचकी पडली, तर ती आत की बाहेर? टिचकीपासून उजवीकडे एक आडवी रेघ ओढायची आणि ती सीमेला किती वेळा छेदते ते मोजायचं. विषम आलं तर आत, सम आलं तर बाहेर. सीमा कितीही वेडीवाकडी असो, दर छेदाला आतचं बाहेर आणि बाहेरचं आत होतं. बंद, स्वतःला न छेदणाऱ्या वक्राला ‘आत’ आणि ‘बाहेर’ असे दोनच भाग असतात, हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्याची सिद्धता कामिय जॉर्दां या फ्रेंच गणितज्ञाने १८८७ मध्ये मांडली.

रेघ नेमकी कोपऱ्यातून गेली तर? तिथे दोन बाजू मिळतात, मग छेद एक धरायचा की दोन? युक्ती अशी: बाजूचं टोक रेघेवरच आलं तर ते ‘खालचं’ मानायचं, आणि एक टोक वर नि दुसरं खाली असेल तीच बाजू मोजायची. सीमा आरपार गेली तर एक येतो. नुसती टेकून परतली तर शून्य किंवा दोन, म्हणजे समच.

मोबाइलवर मात्र चित्र आकसतं आणि आकडे आहेत तेच राहतात, त्यामुळे सातारा दाबला की भलताच जिल्हा उघडतो. तिथे एसव्हीजी, म्हणजे रेषा-आकार आकड्यांनी सांगणारा चित्रांचा प्रकार, बरा, त्यात चित्रासोबत लिंकचे भागही आकसतात. आणखी एक: मुंबई शहर जिल्हा बोटाला सापडत नाही इतका चिमुकला. त्यावर ऐसपैस वर्तुळ टाका आणि यादीत ते उपनगराच्या आधी लिहा. भाग एकमेकांवर आले तर आधी लिहिलेल्याला टिचकी मिळते.