ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं: डिस्क की बॅलन्सिंग?

गॅरेजमध्ये ‘गाडी व्हायब्रेट मारते’ एवढंच सांगितलं, की ती बहुधा आधी बॅलन्सिंगच्या मशीनकडे जाते, मग अलाइनमेंटला. दोन्हीचं बिल भरून बाहेर पडावं आणि पहिल्याच उतारावर ब्रेक दाबताच स्टिअरिंगने पुन्हा तेच सुरू करावं. चाकाचं वजन एका बाजूला जास्त असणं आणि ब्रेक डिस्कची (चाकासोबत फिरणारी, ब्रेक जिला धरतो ती लोखंडी चकती) जाडी एका जागी कमी असणं हे दोन निराळे दोष आहेत, पण हाताला दोन्ही जवळपास सारखेच लागतात. अलाइनमेंट तर यात येतच नाही. ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेने झिजतो.

बॅलन्सिंग बिघडलेलं चाक ब्रेकची वाट पाहत नाही. साधारण ताशी 80 ते 110 किलोमीटरच्या दरम्यान थरथर येते आणि वेग त्या पट्ट्याबाहेर गेला की विरते. सायन-कुर्ल्याच्या गर्दीत ज्याचा काटा 40 च्या वर जात नाही, त्याला हा दोष महिनोन्महिने कळत नाही. अटल सेतूवर 100 ची मुभा मिळते, तिथे तो उघडा पडतो; त्याच वेळी ब्रेक दाबलेला असला, तर आळ ब्रेकवर जातो.

डिस्कचं उलटं. पाय ब्रेकवर नसेल तर 90 लाही गाडी शांत. हलका ब्रेक दाबला की स्टिअरिंग डावं-उजवं हलू लागतं आणि पेडल तळव्याखाली वर-खाली होतं. साध्या हॅचबॅकचं चाक 60 च्या वेगाला सेकंदाला साडेआठ-नऊ फेऱ्या मारतं. वेग उतरतो तसे धक्के संथ होतात आणि 15-20 वर आल्यावर जवळजवळ मोजता येतात. शहरात 50 वर ब्रेक दाबून थरथर येत असेल, तर बॅलन्सिंगवर पैसे घालू नका.

खात्री करायची तर पहाटे, सरळ मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना. वेगमर्यादा परवानगी देत असेल तिथे 80 वर जा, ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेकला पाय न लावता गाडी जाऊ द्या. मग तोच वेग धरून हलका ब्रेक. स्टिअरिंग हललं तर पुढच्या डिस्क. स्टिअरिंग स्थिर पण सीट थरथरली तर मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक बघा. पावसात करकचून ब्रेक दाबल्यावर पेडल भरभर खडखडलं, तर तो एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आपलं काम करतोय, त्याला दुरुस्ती नको.

आता डिस्क. ‘तापून वाकडी झाली’ हे मेकॅनिकचं ठरलेलं निदान, पण बऱ्याचदा डिस्क वाकलेली नसते, तिरकी बसलेली असते. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाच्या, तोंडावर गंज धरतो. तो न घासता नवी डिस्क चढवली, की हबच्या काठावर अडकलेला 0.05 मिलिमीटरचा पापुद्रा डिस्कच्या कडेला दुप्पट होऊन दिसतो, कारण डिस्कचा व्यास हबच्या सुमारे दुप्पट असतो. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा, पिनांवर सरकून डिस्कचं डोलणं सांभाळून घेतो. पण ब्रेक न दाबताही प्रत्येक फेरीत डिस्क त्याच जागी पॅडला घासते, तिथे पातळ होते, आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते. तोवर आधीचं काम कोणाला आठवतही नसतं.

जाडीतला 0.02 मिलिमीटरचा फरकही पायाला कळू शकतो, तेव्हा डोळ्याने पाहून किंवा बोट फिरवून निदान होत नाही. मायक्रोमीटरने गोलाकार आठ ठिकाणी, कडेपासून 10 मिलिमीटर आत जाडी मोजावी लागते. डोलणं पाहायला नट कसून डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) लावायचा, 0.05 मिलिमीटरच्या आत असेल तर उत्तम. लेथवर टर्निंग करून, म्हणजे डिस्क तासून सपाट करून, घ्यायचं असेल, तर डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या आकड्याखाली जाता कामा नये. आकड्याच्या जवळ आली असेल तर बदला, तीही एका ॲक्सलची, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही चाकांची, जोडीने, पॅडसकट.

बसवताना हबचं तोंड वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. कॅलिपरच्या पिना बोटाने सरकतात का बघा. अडकत असतील तर साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं. नट एअर गनने ठोकून नकोत: समोरासमोरचे आळीपाळीने, टॉर्क पान्याने (किती घट्ट आवळलं ते दाखवणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्यावर. मग 60 वरून 15 पर्यंत मध्यम ब्रेक, मध्ये अर्धा मिनिट सोडून, आठ-दहा वेळा. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभे राहू नका, नाहीतर पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो. बोरघाट उतरून थेट टोलच्या रांगेत थांबणाऱ्यांचंही हेच होतं. घाट खालच्या गिअरमध्ये उतरा.

बॅलन्सिंगचं काम त्यामानाने सोपं. रिमच्या आतला वाळलेला चिखल आधी काढायला लावा, नाहीतर मशीन चिखलाचंच वजन धरून शिसं लावतं. पावसाळ्यातल्या खड्ड्याने रिमला बेंड आला असेल, तर मशीनवर शून्य दाखवूनही चाक उडतच राहतं. आधी बेंड काढा.

आणि लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातली रबरं, फाटलेले असतील, तर दोन्हींपैकी कुठलाही छोटा दोष स्टिअरिंगपर्यंत मोठा होऊन येतो. डिस्क आणि बॅलन्सिंग दोन्ही तपासूनही हात थरथरत असेल, तर गाडी जॅकवर घ्या आणि टॉर्चच्या उजेडात बुशचं रबर बघा.